बडोद्याचा पाऊस, पापडखार आणि घानाचं शेंगदाण्याचं सूप

बडोद्यात काय काय पाहिलं विचाराल तर लक्ष्मी विलास पॅलेस पाहिला, रविवर्म्याची चित्रं पाहिली, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पाहिली, सूरसागरला चक्कर मारली, झालं. बाकी सगळा मुक्काम दांडिया बाजारात मावशीच्या स्वयंपाकघरात गेला आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय. पाऊस असा लागून राहिला होता की विश्वामित्रीचं पाणी किती चढलं आणि कुठल्या सोसायटीत मगर निघाली याशिवाय मोबाइलवर दुसरं काही येतच नव्हतं, चांपानेर आपोआप कॅन्सल झालं.

मावशीने वरची खोली घानाच्या एका मुलीला भाड्याने दिली आहे. युनिव्हर्सिटीत शिकते, उत्तर घानातल्या तामालेची. हिला खोली मिळताना काय काय झालं ते ऐकून माझं डोकं फिरलं. फोनवर खोली रिकामी असायची आणि ही दारात उभी राहिली की पाच मिनिटांत "आत्ताच गेली हो". मावशीचा यावर एकच प्रश्न होता, गॅस बंद करायला विसरत नाहीस ना? बस. आता दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून भाज्या निवडतात, एक अर्धी गुजराती अर्धी मराठी बोलते, दुसरी इंग्लिश, आणि अडत कुणाचंच नाही.

सूपचं खूळ माझ्या मावसभावाचं. कंपनीने त्याला ट्रेनिंगला नागोयाला पाठवलं होतं, तिथून लाल मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण), कोंबू आणि वाळलेले शिताके मशरूम घेऊन आला आणि ते सगळं फ्रीजच्या दारात लोणच्यामागे पडून होतं. आदल्याच दिवशी तो मला अलकापुरीतल्या एका कॅफेत "जापनीज-आफ्रिकन" रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्स, खायला घेऊन गेला. इन्स्टंट नूडल्स, वर चमचाभर पीनट बटर, त्यावर तीळ, आणि बिल बघून माझी भूकच मेली. घरी येऊन मी चिडून बोलत होते आणि ती वरची मुलगी शांतपणे म्हणाली, शेंगदाण्याचं सूप आमच्याकडे असं नसतं, उद्या करू. मावशीने लगेच फर्मान काढलं, श्रावण आहे, कोंबडी नाही, मासळी नाही, बाकी काय घालायचं ते घाला. सीकेपी घरात श्रावण पाळणं म्हणजे काय शिक्षा असते ते मला माहीत आहे, त्यामुळे मी गप्प बसले.

मासे नसल्याचं मला फारसं दुःख नव्हतं. जपानी रश्शाचा पाया म्हणजे दाशी, त्यात एरवी बोनितो माशाचा कीस असतो, पण बौद्ध मठांतलं जेवण शाकाहारीच असतं आणि तिथे कोंबू आणि शिताकेवर काम भागवतात. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची वाळलेली जाड पट्टी. याच कोंबूमधून टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. शिताकेमध्ये ग्वानिलेट नावाचं तसंच दुसरं द्रव्य असतं आणि ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीने चढते. दोन्ही रात्रभर गार पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी मंद गॅसवर चढवलं, उकळी यायच्या आधी कोंबू काढून टाकला, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं.

अडचण आली सूपात घालायच्या नूडल्सची. रामेनच्या नूडल्समध्ये कान्सुई लागतं, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेटवाला खार, त्यानेच त्या पिवळसर होतात आणि दाताखाली उसळतात. भाऊ ऑनलाइन शोधत बसला, डिलिव्हरी आठ दिवसांनी. मावशी म्हणाली, "खार पाहिजे ने? मग खिचूत काय टाकतो आपण?" आणि डबा काढला. पापडखार! गुजरातेत ज्या घरी खिचू (तांदळाच्या पिठाची उकड) आणि पापड होतात त्या घरी हा असतोच. तिने बशीत चिमूटभर खार, चिमूटभर हळद आणि दोन थेंब पाणी टाकलं, क्षणात हळद लालबुंद. "जो, चांगला आहे." तिची आई पण असाच तपासायची म्हणे.

तो लाल रंग बघून घानावाली मुलगी एकदम उठून वर गेली आणि एक पुडी घेऊन आली. राखाडी खडे. कान्वू. त्यांच्याकडे वाक्ये नावाचा भात करतात, तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवतात, त्यात चवळी मऊ पडायला हा खार आणि लाल रंगाला एका जातीच्या ज्वारीची पानं. मावशीने दुसऱ्या बशीत परत हळद टाकली. परत लाल. मग दोघींनी जे हसायला सुरुवात केली ते थांबेचना, आणि मी आणि भाऊ मध्येच इंग्लिशमधून केमिस्ट्री समजावत होतो ती कुणी ऐकत नव्हतं. या एका मिनिटासाठी मी अख्खी पोस्ट लिहिते आहे खरं तर.

चारशे ग्रॅम मैद्याला छोटा चमचा खार, पाण्यात विरघळवून. पीठ मळताना डोळ्यादेखत पिवळं झालं. आणि घट्ट! मला ते मळवेना, मावशीने पापडाच्या पिठासारखं तेलाचा हात लावून बत्त्याने कुटलं, तासभर झाकून ठेवलं, लाटून सुरीने कापलं.

तोवर वरचीने शेंगदाणे घेतले. सौराष्ट्राचे, भाजून, साल काढून, मिक्सरला तेल सुटेपर्यंत. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, त्यांच्याकडेही बाहेरून आलेला आणि आपल्याकडेही, पण पश्चिम आफ्रिकेत जमिनीखाली शेंगा धरणारा बांबारा दाणा आधीपासून होता, त्यामुळे नवा पाहुणा पटकन रुळला असावा. कांदा, टोमॅटो, आलं, मिरची वाटून परतलं, दाण्याचा गोळा दाशीत सैल करून त्यात ओतला आणि मग नुसतं ढवळत बसायचं, तेल वर येईपर्यंत. "तर्री आली की झालं," मावशी म्हणाली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग निघालं दावादावा. तिकडच्या एका झाडाच्या शेंगांतल्या बिया शिजवून आंबवलेल्या, काळपट गोळ्या. डबी उघडली आणि मावशी देवघरातून ओरडली, "श्रावणात सुकट कुणी आणली रे?" भावाने वास घेतला आणि म्हणाला हे तर नात्तो! बरोबरच होतं त्याचं, जपानी सोयाबीनचा नात्तो आणि हा दावादावा दोन्ही बॅसिलस सबटिलिस या एकाच जीवाणूने आंबतात. झाडाच्या बिया आहेत हे तीन वेळा सांगितल्यावर परवानगी मिळाली. मिसो सगळ्यात शेवटी. एरवी मिसो उकळू नये म्हणतात, सुगंध उडतो, पण भाऊ हट्टाला पेटला की नागोयाला लाल मिसोत उदोन, म्हणजे जाड नूडल्स, रटारटा शिजवतात, त्याने स्वतः खाल्लंय. मावशीने दोघांचं ऐकून घेतलं आणि गॅस बारीक केला.

चव? पहिल्या घोटाला शेंगदाणा, मग टोमॅटो-आलं, आणि तळाशी काहीतरी खोल, खारट, मागे रेंगाळणारं. नूडल्स तुटल्या नाहीत. कॅफेवाल्यांना मी तेवढंच सांगेन की तीळ भुरभुरून काही होत नाही, आधी घरातले डबे उघडा. भावाने वरून रतलामी शेव टाकली. मला ते अजिबात आवडलं नाही, घानावालीला आवडलं.

दुसऱ्या दिवशी उरलेलं सूप घट्ट झालं होतं, मावशीने त्याला हिंग-मोहरीची वघार दिली आणि भाकरीबरोबर वाढलं, तेच जास्त चांगलं लागलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुण्याला आल्यापासून मावशीचे फोन वाढलेत. आता वाक्ये करायचाय. "तुमच्याकडे सोलापूरला ज्वारी पिकते ने, मग पानं पाठव की." तिला सांगून थकले की मालदांडीच्या पानांनी भात लाल होणार नाही, त्याला ती लाल पानांची ज्वारीच लागते. म्हणते, तू पाठव तर खरी, आम्ही बघतो.