ब्रेक दाबून बॅटरी भरते, मग जास्त दाबू का?

हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) घेतलेले बहुतेक जण हे विचारतात: ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते, मग जरा जास्त ब्रेक मारले तर मायलेज वाढेल ना? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. वाढणार नाही, उलट कमी होईल.

१४०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या गतीत सुमारे १९४ किलोज्यूल ऊर्जा असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात आणि ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिडमध्ये एरवी चाकं फिरवणारी मोटरच आता चाकांच्या जोरावर फिरते आणि जनरेटर बनते. वीज तयार करायला जो जोर लागतो तो ती चाकांकडून घेते, म्हणून गाडी मंदावते. रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात ते हेच.

पण ही ऊर्जा जशीच्या तशी परत मिळत नाही. मोटर, इन्व्हर्टर (मोटर आणि बॅटरीच्या मधला वीज बदलणारा भाग), बॅटरी आणि पुन्हा त्याच वाटेने चाकांपर्यंत. चलन बदलताना दर वेळी दलाली कापली जावी, तसा प्रत्येक टप्प्यावर थोडा भाग जातो. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे ऊर्जा बदलूच न देणं, गाडी आहे त्या वेगावर वाहू देणं. हे कोस्टिंग. त्यात खर्च होतो तो फक्त हवेचा विरोध, टायरचं आणि फिरत्या भागांचं घर्षण यांवर.

लांबवर लाल सिग्नल दिसला, की अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून पॉवर मीटरकडे बघा, म्हणजे ऊर्जा खर्च होतेय की बॅटरीत भरतेय ते दाखवणाऱ्या मीटरकडे. काटा चार्जच्या पट्ट्यात किंचित सरकलेला दिसेल. पाय काढल्यावर गाडी जरा मंदावावी, अशी सवय आपल्याला जुन्या गाड्यांनी लावली आहे, म्हणून कंपन्या तेवढं चार्जिंग मुद्दाम ठेवतात. आता अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून हा काटा शून्यावर आणा. इंजिन बंद, मोटर ना ओढतेय ना भरतेय. मला हा क्षण फार आवडतो. मात्र यासाठी न्यूट्रल टाकू नका. त्यात मोटरचं ब्रेकिंग हाताशी राहत नाही.

थांबायचंच असेल तेव्हा ब्रेक लवकर आणि हलका लावा. वर सांगितलेली गाडी ३ सेकंदांत थांबवली, तर सरासरी ६५ किलोवॉटचा लोंढा येतो. हायब्रिडची छोटी बॅटरी तो पेलत नाही, उरलेलं काम पॅड करतात. तेच १० सेकंदांत केलं तर १९ किलोवॉट, आणि त्यातलं बरंच बॅटरीत जातं. अर्थात कोणी अचानक आडवं आलं, तर बॅटरीचा विचार न करता ब्रेक जोरात दाबा.

अगदी कमी वेगात मोटर सोडून देते आणि पॅड ताबा घेतात. त्याची हळहळ नको. ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून १० च्या वेगाला ६० च्या वेळच्या ऊर्जेचा छत्तिसावा भागच उरलेला असतो.

लांब उतारावर मात्र वेगळं. बॅटरी भरली की रीजनरेटिव्ह ब्रेकिंग जवळपास थांबतं, मग गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग रोखते. इंजिनचा आवाज एकदम वाढला तरी घाबरू नका, त्यात पेट्रोल जळत नसतं. गिअरवर ‘बी’ (उतारावर गाडी जास्त रोखून धरणारी खूण) असेल, तर असा उतार सुरू होतानाच टाका. सपाट रस्त्यावर त्याची गरज नाही.