ओल्ड मॅनच्या पोटात

आमच्या ऑफिसचं वर्ष खरं तर मार्चअखेर संपतं. ३१ डिसेंबरला ना ताळेबंद जुळवायचा असतो, ना ऑडिटर डोक्यावर बसलेला असतो. तरी डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की फोर्टातलं आमचं ऑफिस सैलावतं. सी. एल. म्हणजे किरकोळ रजा फुकट जाऊ नयेत म्हणून निम्मी माणसं गायब आणि उरलेल्यांचा जीव डायऱ्यांत. कुठल्या पार्टीने कसली डायरी पाठवली, ती कुणाच्या टेबलावर गेली, यावर आमच्याकडे अबोले झालेले आहेत. जाड पुठ्ठ्याची, रिबीन लावलेली डायरी साहेबांची. आमच्या वाट्याला येते तिच्यात शनिवार-रविवार एकाच पानात कोंबलेले असतात.

गेल्या वर्षी मात्र साहेब रजेवर होते आणि जाड डायरी माझ्या हाती लागली. एवढ्या चांगल्या कागदावर काय लिहावं हे सुचेना, म्हणून मी शेवटच्या पानांवर उधारी मांडायला घेतली. पैशांची नव्हे, माणसांची. कोण मीटिंगमध्ये काय बोललं, कुणी माझं काम आपलं म्हणून दाखवलं, सगळं तारीखवार. ‘१२ मार्च : चहा सगळ्यांना विचारला, मला नाही.’ हे माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे नाकारता येत नाही.

राग धरण्यात मी तशी जुनी खेळाडू. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, ऑफिसातच रात्र काढली. डोंबिवलीला घरी पोचायला नंतर जो वेळ लागला त्याची तेव्हाच्या साहेबांनी माझी रजा मांडली. ते साहेब केव्हाच रिटायर झाले. मी अजून झालेली नाही, निदान त्या बाबतीत तरी.

पण या वर्षीची सगळ्यात मोठी उधारी होती जुलैमधल्या टेंडरची. एका सरकारी खात्याचं काम, आमचे दर नीट बसत होते, आणि आम्ही टेक्निकलमध्येच, म्हणजे दर उघडायच्या आधीच्या कागदपत्रांच्या छाननीतच, उडालो. कारण बँक गॅरंटी. टेंडरसोबत बयाण्यापोटी बँकेची ही हमी जोडतात आणि ती टेंडरची वैधता संपल्यावर पुढे आणखी ४५ दिवस जिवंत असावी लागते. टेंडर भरायची तारीख १४ दिवसांनी पुढे गेली, त्याबरोबर बाकीच्या तारखाही सरकल्या. आमची गॅरंटी जुन्याच तारखेवर राहिली. १४ दिवस कमी पडले. साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, “फाइल मॅडमकडे होती.” एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

‘कॉरिजेंडम माझ्यापर्यंत आलंच नाही,’ असं मी तेव्हा म्हटलं. कॉरिजेंडम म्हणजे तारीख पुढे गेल्याचं खात्याचं शुद्धिपत्रक. नंतर पाच महिने म्हणत राहिले, ऑफिसात, घरी आणि लोकलमध्ये. आमच्या लेडीज डब्यातल्या बायका गवार मोडता मोडता ऐकायच्या. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत साहेबांचा उद्धार चालायचा. एकीला तर गोष्ट इतकी पाठ झाली होती की मी श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य तीच म्हणायची.

३१ तारखेला दुपारी ड्रॉवर आवरायला काढला. गंजलेल्या टाचण्या, सॉसची पाकिटं, एक चपलेचा बंद (कुणाचा?) आणि तळाशी, ड्रॉवरच्या मागच्या फटीत अडकलेला एक कागद. ओढला तर अर्धा फाटत आला. वर खात्याचं नाव, खाली ‘कॉरिजेंडम’, मधोमध चहाच्या कपाचं गोल वळं. उजव्या कोपऱ्यात माझी इनिशियल. तारखेसकट.

मी आधी दरवाजाकडे पाहिलं, कुणी येत नाही ना. मग ती इनिशियल दुसऱ्या कुणाची असू शकेल का, हेही पाहिलं. नव्हती. मला तो दिवस आठवेना, कागद हातात घेतल्याचं आठवेना. आठवत होती फक्त ती मीटिंग, आणि तीही मी इतक्यांदा सांगितलेली की खरी कुठली नि सांगितलेली कुठली, ते कळेनासं झालेलं.

तेवढ्यात आमचा वांद्र्याचा सहकारी डोकावला. “मॅडम, जुने पेपर आहेत काय? गल्लीतल्या पोरांना ओल्ड मॅन भरायचाय.” वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांमधून पोरं जुन्या पॅन्ट-शर्टात पेंढा, कागद भरून सरत्या वर्षाचा म्हातारा करतात. रस्त्यावर खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून त्याच्या नावाने पैसे मागतात आणि रात्री बारा वाजता त्याला पेटवतात. आपली होळी, फक्त थंडीतली.

मी त्याला पेपरांचा गठ्ठा दिला. मग डायरी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. १२ मार्चचा चहा एकदा वाचला. आणि पुठ्ठ्यासकट दिली.

कॉरिजेंडम दिलं नाही. ते आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. प्रत्येक टेंडरच्या फाइलवर गॅरंटीची तारीख लाल पेनने लिहिते, आणि शुद्धिपत्रक आलं की चहा प्यायच्या आधी दिवस पुन्हा मोजते. साहेबांना सांगितलं का? नाही. तेवढी मोठी मी झालेली नाही. डब्यात मात्र सांगितलं. गवार थांबली, एक जण हसली, आणि ती पाठांतरवाली चक्क नाराज झाली. तिची गोष्ट मोडली ना.

कामाला रुजू झाल्यावर वांद्रेकराला विचारलं, “कसा जळला म्हातारा?”

“एकदम फास्ट, मॅडम. कपडे, पेंढा, दोन मिनिटांत खलास. तुमची डायरी तेवढी सकाळपर्यंत धुमसत होती. पुठ्ठा फार जाड.”