चिमूर फाईल: भंडारा १९५७ चा लाल सेल शेवटी हिरवा झाला

मंडळी, सुटलं एकदाचं! चिमूर लोकसभा मतदारसंघाच्या जुन्या निकालांची शीट मी करून राहिलो, त्यातल्या ज्या एका सेलपाशी, म्हणजे चौकटीपाशी, तीन आठवडे अडकून पडलो होतो तो काल रात्री साडेअकराला हिरवा झाला, अन् त्या वेळेला मी उठून स्वतःसाठी चहा मांडला इतका आनंद झाला.

चिमूरची मुख्य शीट आधीच झाली आहे. १९६७ ते २००४, अकरा सार्वत्रिक निवडणुका, मग २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघच गेला अन् गडचिरोली-चिमूर हा नवा, अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आला. (दोघांचा इतिहास एकाच यादीत कोंबू नका रे, हे मी परत परत सांगून राहिलो.) मला हवी होती पूर्वपीठिका, कारण चिमूरचे पहिले खासदार रा. मा. हजरनवीस हे १९५७ अन् १९६२ ला भंडाऱ्यातून निवडून आलेले, मग गोष्ट भंडाऱ्यापासूनच सुरू करावी असं ठरवलं.

आता भंडारा शोधायचा तर तीन निवडणुका तीन राज्यांत. १९५२ चा आकडा मध्य प्रदेशात, तेव्हा आपलं नागपूर राजधानी होतं ना त्याची, १९५७ चा मुंबई राज्यात अन् १९६२ चा महाराष्ट्रात. हे एकदा कळलं की निकालांच्या पीडीएफ पटापट सापडतात, तिथपर्यंत काही त्रास नाही.

त्रास पुढे. माझ्या शीटमध्ये एक तपासणीचा फॉर्म्युला आहे, सगळ्या उमेदवारांची मतं मिळवून ती मतदार यादीशी ताडून पाहतो अन् मेळ नाही बसला की सेल लाल. १९६७ पासून सगळं हिरवं, १९६२ पण हिरवं, अन् १९५७ पाशी आकडा फुगून राहिला. मला वाटलं स्कॅनच खराब, जुन्या छपाईत ३ अन् ८ सारखेच दिसतात. सगळे आकडे हाताने टाईप केले, दोनदा. बर्डीतल्या एका दुकानातून पानं मोठी करून झेरॉक्स काढली तर त्यांनी कडेचा कॉलमच कापून दिला, परत जावं लागलं. आकडे तेच. सेल लालच.

अन् गंमत म्हणजे भंडारा १९५७ ला द्विसदस्य, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, होता हे मला माहीत होतं! विजयी म्हणून हजरनवीस अन् राखीव जागेवर बाळकृष्ण वासनिक, दोन्ही काँग्रेसचे, अशी दोन नावं मीच भरली होती. पण डोक्यात फक्त दोन जागा बसल्या होत्या, दोन मतं नाही.

ते कळलं पवनीला. मोठ्या आईला भेटायला गेलो होतो, नव्वदीच्या पुढे आहे ती, सहज विचारलं की पहिल्यांदा मत कधी टाकलं होतं. म्हणे, "दोन चिठ्ठ्या देल्या होत्या बाबू, दोन येगयेगळ्या पेट्याईत टाकाच्या." मी तिथंच उभा राहिलो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर त्याचं चिन्ह, अन् द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. आकडा फुगणारच ना!

घरी येऊन नियम नीट वाचला. आधी राखीव जागा, राखीव उमेदवारांमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याला. मग उरलेल्या सगळ्यांमध्ये, राखीव धरून, जो पुढे त्याला दुसरी. म्हणजे दोन्ही जागा राखीव उमेदवारांकडे जाऊ शकतात, अन् आंध्रात पार्वतीपुरमला १९५७ ला तसंच झालं, व्ही. व्ही. गिरी हरले अन् प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथेही १९५९ ला निकाल त्यांच्या विरोधातच लागला. १९५७ ला देशात असे ९१ मतदारसंघ होते. १९६१ च्या कायद्याने पद्धतच मोडली, म्हणून १९६२ पासून माझे सेल हिरवे.

याच्यामुळे १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीची ओळ पण मला परत लिहावी लागली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, अन् बाबासाहेब हरले. मी तिथे एकास एक लढतीसारखी टक्केवारी टाकली होती, ती काढली. सगळ्यांनी दोन्ही मतं वापरली तर कोणालाच ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, अन् कोणी एकच मत टाकून घरी गेलं असेल तर किती माणसं आली हे नुसत्या मतांवरून निघतच नाही. बाबासाहेबांच्या नावापुढे अर्धवट आकडा मला नको.

म्हणून प्लॅन बदलला. १९५२ पासून टक्केवारीची सलग रेष काढणार होतो, आता रेष १९६२ पासून. १९५२ अन् १९५७ ला नुसते ठिपके, क्रमाने. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ठिपके अन् रेष एकत्र छान बसतात, यासाठी विकतचं काही घ्यायची गरज नाही. नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येच करणार.

चिमूरमध्येही एक गोष्ट हाती लागली, ती दोन दिवस मनात घोळवून राहिलो. १९८४ ला विलास मुत्तेमवार दुसऱ्यांदा जिंकले, त्यानंतर इथे लागोपाठ कोणीच जिंकलं नाही! १९८९ महादेव शिवणकर, १९९१ परत मुत्तेमवार, १९९६ नामदेव दिवठे, १९९८ नामांतराच्या लाँग मार्चवाले जोगेंद्र कवाडे, १९९९ परत दिवठे, २००४ परत शिवणकर. सहा निवडणुका, सहाही वेळा खासदार बदलला. २००४ ला भाजपने जागा राखली पण चेहरा तरी बदललाच. अन् कवाडे सर सर्वसाधारण जागेवरून, त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे चारही खासदार असेच सर्वसाधारण जागांवरून आलेले, ही ओळ मी ठळक केली आहे.

पक्षाच्या कॉलममध्ये आता चिन्हं पण टाकतो आहे. काँग्रेसची १९६७ ची बैलजोडी, १९७१ अन् १९७७ ची गाय-वासरू, १९८० पासून हात. भाचीने काढून दिली, गाय-वासरू फारच सुंदर जमलंय.

अन् हे लिहिता लिहिताच सुचलं, गोंदिया! १९६२ ला वासनिक गोंदियातून आले, राखीव पण एकसदस्य. म्हणजे भंडाऱ्याच्या एका द्विसदस्य मतदारसंघातले दोन खासदार पुढच्याच वेळी दोन वेगळ्या जागांवर. मग चिमूरच्या आधी गोंदियाचंच पान करतो, नकाशा थांबेल पंधरा दिवस. साकोली, तिरोडा, आमगावकडे कोणाच्या घरी १९६२ चं प्रचाराचं पत्रक पडलेलं असेल तर फोटो काढून ठेवा, मी रविवारी गाडी घेऊन येतो.