माझा अनुभव: तंबोऱ्याच्या पिकअपमधलं हमिंग आणि ५० हर्ट्झचा नॉच

पायझो चकती (कंपनाची वीज करणारी) तंबोऱ्याच्या तबलीला चिकटवली, प्रीअँप जोडला, आणि स्पीकरमधून जवारीच्या आधी विजेचं ५० हर्ट्झचं हमिंग आलं. ते काढायला कुठला फिल्टर, या एका प्रश्नापायी लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा), हाय-पास (वरचे), बँड-पास (मधला पट्टा), नॉच (एकच फ्रीक्वेन्सी कापणारा) हे सगळेच प्रकार नीट समजून घ्यावे लागले. नॉच सोडून बाकीचे पटकन उलगडले. नॉचने मात्र घाम काढला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण जी गोष्ट प्रत्येक सर्किटच्या चित्राखाली ठळक छापायला हवी, ती मला कुठेच ठळक दिसली नाही.

हाय-पास तर न मागता पदरात पडतो. २७ मिलिमीटरची पायझो चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट लावली की कपॅसिटर सिरीजमध्ये आणि रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे झालाच हाय-पास तयार. कटऑफ, म्हणजे जिथून सूर दबू लागतात ती फ्रीक्वेन्सी, १ भागिले २π आरसी (आर रेझिस्टर, सी कपॅसिटर), इथे जवळपास ८०० हर्ट्झ. काळी एकच्या तंबोऱ्यात जोडी (मधल्या दोन तारा) १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज (सर्वात जाड तार) ६९.३ ला. म्हणजे खर्ज २१ डेसिबलने खाली! पायझोचा आवाज पत्र्यासारखा येतो अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. चकती बदलून काही होत नाही. इनपुटला १ मेगओहम आणि टीएल०७४ (एका चिपमध्ये चार ऑपअँप) सारखा, सिग्नलवर भार न टाकणारा जेफेट इनपुटचा ऑपअँप दिला की कटऑफ ८ हर्ट्झवर उतरतो.

हाय-पासनेच हमिंग कापावं असं वाटतं, पण ५० आणि ६९.३ यांच्यात अर्धा सप्तकही नाही, आणि एका आरसीचा उतार सप्तकामागे फक्त ६ डेसिबल. हमिंग जाईल तेव्हा खर्जही गेलेला असेल. दोन आरसी एकामागे एक जोडून उतार दुप्पट करायचा तर तिथेही गोम आहे: मध्ये बफर (भार मागे न पोचू देणारा ऑपअँप) नसेल तर दुसरी जोडी पहिलीवर भार टाकते, आणि कटऑफला ६ ऐवजी साडेनऊ डेसिबल घट होते. बँड-पास इथे कामाचाच नाही, तो एक पट्टा ठेवून बाकी सगळं टाकतो. आपल्याला एक रेघ, म्हणजे एकच फ्रीक्वेन्सी, काढून बाकी सगळं ठेवायचंय. म्हणजे नॉच.

नॉचसाठी सगळीकडे सापडतो तो ट्विन-टी, म्हणजे टी आकाराच्या दोन जोडण्या पॅरललमध्ये. एका टीमध्ये दोन आर सिरीजमध्ये आणि त्यांच्या मधल्या जोडापासून खाली दुप्पट सी. दुसऱ्या टीमध्ये दोन सी सिरीजमध्ये आणि मधून खाली अर्धा आर. ६८ किलोओहम आणि ४७ नॅनोफॅरड घेतले की ४९.८ हर्ट्झ येतात. हमिंग खरोखर गेलं. पण तंबोऱ्याचा पायाही गेला.

इथेच मी अडकलो. जोडणी तपासली, ऑपअँप बदलला, चकती उखडून पुन्हा चिकटवली. दोष कशातच नव्हता. नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या ट्विन-टीचा क्यू, म्हणजे मधली फ्रीक्वेन्सी भागिले खड्ड्याची रुंदी, असतो पाव, फक्त ०.२५. त्याचा अर्थ असा की ३ डेसिबलची रुंदी मधल्या फ्रीक्वेन्सीच्या चौपट: ५० हर्ट्झच्या नॉचला २०० हर्ट्झ रुंदी, म्हणजे साधारण १२ ते २१२ हर्ट्झपर्यंत खड्डा. खर्जाला जवळपास १६ डेसिबलचा फटका, पंचमाला साडेआठ, जोडीला सुद्धा पावणेसहा. चित्रात जी टोकदार दरी काढलेली असते तिचा तळच तेवढा टोकदार असतो, काठ फार लांब पसरलेले असतात. ‘५० हर्ट्झ नॉच’ एवढंच लिहून क्यू न लिहिणं मला चुकीचं वाटतं.

उपाय म्हणजे बूटस्ट्रॅप. दोन्ही टींचे पाय ग्राउंडला न लावता आउटपुटचाच थोडा कमी केलेला भाग त्यांना द्यायचा. आउटपुट बफरनंतर १ किलोओहम, त्याखाली ९.१ किलोओहम, मधला बिंदू दुसऱ्या बफरमधून दोन्ही पायांना. हा बफर वाचवू नका. पायांना कमी इम्पीडन्स मिळाला नाही तर नॉच सरकतो आणि उथळ होतो. ०.९ भाग परत दिला की क्यू २.५ होतो आणि रुंदी २० हर्ट्झ. खर्जाची घट १६ वरून दीड डेसिबलच्याही आत येते, जोडीला तर काही जाणवतच नाही.

मग हावेपोटी ०.९७५ भाग देऊन क्यू १० करावासा वाटतो. मी करून पाहिला, आणि हमिंग परत आलं. नॉच जितका अरुंद तितका तो नेमक्या जागी बसायला हवा. ४९.८ ला बसलेला नॉच क्यू २.५ असताना ५० हर्ट्झला ३४ डेसिबल दाबतो, क्यू १० असताना फक्त २२. तोच नॉच ५ टक्के चुकून ४७.५ ला बसला तर क्यू २.५ ला सुद्धा जेमतेम १२ डेसिबल उरतात. यात विजेच्या फ्रीक्वेन्सीला दोष देऊ नका. आपल्याकडे ग्रिड कोडचा (वीजजाळ्याच्या नियमांचा) पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे, तेवढा हलका फरक क्यू २.५ सहज सोसतो. दोष कपॅसिटरचा असतो.

काउंटरवर ‘४७३ द्या’ (४७ नॅनोफॅरडचा छापील कोड) म्हटलं की हातात येतो तो कुठलाही ४७३. मला मागून मिळाले ते ‘के’ (K) अक्षराचे, म्हणजे अधिक-उणे १० टक्के, आणि काही ‘झेड’ (Z), म्हणजे उणे २० ते अधिक ८०. हवं ते ‘जे’ (J) अक्षराचं, म्हणजे ५ टक्के, आणि तेही पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचं. असले सिरॅमिक कपॅसिटर या कामाला नकोतच: वाय५व्ही जातीचा कपॅसिटन्स तापमानाने प्रचंड घसरतो, आणि एक्स७आर धरून असल्या सिरॅमिक जाती कंपनाने स्वतःच व्होल्टेज तयार करतात. वाजणाऱ्या लाकडाशेजारी असं काही ठेवू नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, अक्षर वाचूनच पाकीट उचला.

वीस नग घ्या, कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर एकेक लावा आणि जवळजवळ सारखे चार निवडा. चारच का? दोन सिरीजसाठी, दोन पॅरललमध्ये जोडून खालच्या पायासाठी. रेझिस्टरही चार सारखे, १ टक्का मेटल फिल्म: दोन सिरीजमध्ये, दोन पॅरललमध्ये जोडून अर्धा आर. माझे चार ४६.१ नॅनोफॅरड निघाले. त्याला ६९.०५ किलोओहम लागतात, म्हणून प्रत्येक ६८ ला १ किलोओहम सिरीजमध्ये जोडला. सारखे नग निवडणं खरं महत्त्वाचं, छापील आकडा नाही.

लो-पासबद्दल राहिलंच. सुरसुर कमी करायला टीएल०७४ च्या चौथ्या ऑपअँपवर सॅलन-की (एका ऑपअँपचा लो-पास) केला: दोन १० किलोओहम, १ आणि २.२ नॅनोफॅरड, कटऑफ १०.७ किलोहर्ट्झ. मोठा कपॅसिटर दोन रेझिस्टरच्या जोडापासून आउटपुटकडे, छोटा ग्राउंडला. उलटे लागले तर क्यू ०.७४ वरून ०.३४ ला येतो आणि जवारीची धार बोथट होते. बटरवर्थ, बेसेल, चेबिशेव्ह ही नावं इथे फक्त या दोन कपॅसिटरच्या गुणोत्तराची आहेत: २ ला बटरवर्थ, सपाट, १.३३ ला बेसेल, आघात न बिघडवणारा; १ डेसिबलच्या लाटेचा चेबिशेव्ह हवा तर ३.६६. कटऑफ इतका वर असताना तंबोऱ्याला मला तरी बटरवर्थ आणि बेसेलमध्ये फरक ऐकू आला नाही.

आणि हे सर्वात आधी करायचं होतं: मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये हमिंग कुठे आहे ते बघा. रेघ १०० हर्ट्झला असेल तर ती अडॅप्टरच्या रेक्टिफायरची आहे, ५० चा नॉच तिला हातही लावणार नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. चकतीपासून प्रीअँपपर्यंत शील्डेड वायर वापरा. ती जितकी आखूड, तितकं नॉचचं काम कमी.

शेवटची जुळणी अशी: चकती काढून टोन जनरेटर अ‍ॅपचा आवाज हेडफोनच्या वायरने इनपुटला द्या, ४५ ते ५५ हर्ट्झ सावकाश फिरवा आणि आउटपुटला मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावा. आकडा सर्वात खाली ४९.३ ला गेला, तर चारही १ किलोओहम काढून तिथे तार टाका. ६९ चे ६८ झाले की नॉच दीड टक्का वर चढतो आणि ५० वर येऊन बसतो.