धक्क्यावरची मंडळी : फ्रीटाऊनमधले दिवस

रुग्णालयाच्या जहाजावर सेवेला निघाले आहे, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: पगार किती? पगार नाही. उलट मी गेले तेव्हा राहण्याजेवणाचे पैसेही दरमहा आपणच भरायचे होते. विमानाचं तिकीटही आपलंच.  माझा भार आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, उचलला. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विषय काढला आणि लोकांनी आपापल्या परीने दरमहा काहीतरी द्यायचं कबूल केलं. त्यात निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई होत्या. पेन्शनमधून पैसे बाजूला काढताना त्या म्हणाल्या, "मला जाता येत नाही, तू जा." हे वाक्य तिकडे फार उपयोगी पडलं. थकलेल्या दिवशी ‘मी इथे का आले’ असं मनात आलं की आठवायचं, मी एकटी आलेलीच नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा विमानतळ लुंगीला आहे, आणि राजधानी फ्रीटाऊन खाडीच्या पलीकडे. त्यामुळे विमानातून उतरून पुन्हा लाँच पकडावी लागते. जानेवारीत पोहोचले तेव्हा हरमट्टान वाहत होता. सहाराची धूळ घेऊन येणारा हा कोरडा वारा. शहरामागचे डोंगर त्या धुळीत जेमतेम दिसत होते. बंदरात आमचं जहाज ‘ग्लोबल मर्सी’ उभं होतं: १७४ मीटर लांब, बारा मजले, खालच्या दोन मजल्यांवर रुग्णालय, सहा शस्त्रक्रियागृहं. रुग्णालयाची जहाजं चालवणारी मर्सी शिप्स ही संस्था १९७८ साली डॉन आणि डेऑन स्टीफन्स या दांपत्याने सुरू केली. हे जहाज मात्र नवं आहे. चीनमधल्या त्यान्जिनला बांधलेलं, आणि मुळातच रुग्णालय म्हणून बांधलेलं. शिडीवरच्या पहारेकऱ्याने नमस्ते केलं आणि मी चकित झाले. सुरक्षेला नेपाळचे गुरखे आहेत. पुढे रोज जातायेता "दिदी, खाना खाया?" अशी विचारपूस व्हायची, तेव्हा फार बरं वाटायचं.

माझं काम भटारखान्यात. रुग्णालयाचं जहाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि नर्स येतात. पण धक्क्याला लागलेल्या या जहाजावर सेवकांचं एक अख्खं गाव नांदत असतं. त्या गावाला वीज लागते, पाणी लागतं, धुतलेल्या चादरी लागतात, सेवकांच्या मुलांसाठी शाळा लागते, आणि तीन वेळा जेवण लागतं. आमचा दिवस पहाटे कांद्याच्या पोत्यांनी सुरू व्हायचा. माझ्यासोबत स्थानिक सहकारी होते. तिथे त्यांना ‘डे क्रू’ म्हणतात, आणि माझ्या मते त्या जहाजाचा कणा तेच आहेत. आम्ही परदेशी लोक येतो आणि जातो. भाषा, माणसं, बाजार, दुखणं कुठल्या गावातून आलं आणि रुग्ण कुठे परत जाणार, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. कसाव्याच्या, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या झाडाच्या, पाल्याची भाजी मला त्यांनीच शिकवली. पाला आधी बारीक कुटायचा, मग भरपूर वेळ शिजवायचा. नीट न शिजवलेला कसावा विषारी ठरू शकतो, म्हणून तिथे घाई चालत नाही. मग पाम तेल, शेंगदाण्याचा लगदा, सुकी मासळी आणि मिरची. भात त्याच्याखाली. चव मला पहिल्याच दिवशी आवडली.

केबिनमध्ये आम्ही चौघी. एक नेदरलँड्सची, रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथातली, प्रार्थना मनातल्या मनात करणारी. एक नायजेरियाची, पेंटेकोस्टल पंथाची, प्रार्थनेला बसली की आवाज चढणारच. एक फिलिपिन्सची कॅथलिक, उशाशी जपमाळ. आणि मी, भजनं म्हणत वाढलेली. बाप्तिस्मा कधी, प्रभुभोजन कसं, यावर आमची मतं जुळणं शक्यच नव्हतं. ती शेवटपर्यंत जुळलीही नाहीत. खटके मात्र यावरून उडाले नाहीत. ते उडाले ते रात्रपाळीहून आलेलीच्या दिव्यावरून आणि पहाटेच्या गजरावरून. सहभागिता म्हणजे एकत्र गाणं आणि एकमेकींच्या गळ्यात पडणं, एवढीच माझी कल्पना होती. तिथे कळलं की रात्री रागावलेल्या माणसाबरोबर सकाळी त्याच टेबलाशी बसावं लागतं, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. डच मुलीने एकदा सुचवलं की झोपण्याआधी प्रत्येकीने दुसरीच्या दिवसासाठी एक वाक्य प्रार्थना करायची. मोठ्याने की हळू, ते जिने तिने ठरवावं. त्यासाठी दुसरीचा दिवस कसा गेला हे आधी विचारावं लागायचं, आणि त्या विचारण्यातूनच आम्ही जवळ आलो.

वैद्यकीय काम न करणाऱ्यांनाही रुग्णांना भेटायला जाता येतं. मी संध्याकाळी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात जायचे. तिथे आठेक वर्षांची एक मुलगी होती, देशाच्या उत्तरेकडची. चुलीच्या जाळाने लहानपणी भाजली होती. तीन दगडांच्या चुली जमिनीलगत असतात आणि मुलं आसपासच खेळत असतात. भाजलेली कातडी वेळेवर उपचार न मिळता भरून आली की आकसत जाते. तिचा दंड छातीच्या कडेला चिकटला होता, हात खांद्यापर्यंतही उचलता येत नव्हता. शस्त्रक्रियेत तो व्रण मोकळा करतात आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतात. एवढ्यावर काम संपत नाही. पुढे कित्येक आठवडे पट्ट्या, आधाराची फळी आणि रोजचा व्यायाम करावा लागतो. तो चुकला तर कातडी पुन्हा आखडते.

तिची आजी तिच्या खाटेखालीच गादी टाकून झोपायची. सोबतच्या माणसाची सोय तिथे तशीच असते. आजी टेम्ने ही उत्तरेकडची भाषा बोलायची. माझं इंग्रजी एक जण क्रिओत, म्हणजे देशाच्या सामाईक बोलीत, सांगायचा, दुसरी बाई ते टेम्नेत सांगायची, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. लुडोला मात्र दुभाष्याची गरज पडली नाही. तो खेळ तिथे घराघरांत खेळतात. मुलगी व्यायामाला कंटाळायची, म्हणून फिजिओथेरपिस्टने पट उंच स्टुलावर ठेवायला सांगितलं. सोंगटी हलवायची तर दुखरा हात वर न्यावाच लागे. एकदा सहा पडला. सोंगटी पटाच्या पलीकडच्या टोकाला होती. तिने दात आवळले, कोपर हळूहळू वर गेलं, बोटं थरथरली, आणि सोंगटी घरात पोहोचली. शेजारच्या चार खाटांवरून टाळ्या पडल्या.

जहाजावर मोठी रक्तपेढी नाही. आम्ही सेवकच तिथली रक्तपेढी. आधी तपासणी करून नाव नोंदवायचं आणि गरज पडली की जायचं. एका रात्री मला बोलावणं आलं. तेव्हा मी उद्याच्या डाळी भिजत घालत होते. हात धुऊन खाली गेले. शेजारच्या खुर्चीवर इंजिनरूममधला एक जण आधीच बाही वर करून बसला होता. आमचं रक्त कुणाला गेलं ते आम्हाला कळलं नाही. ‘ख्रिस्ताचं शरीर आणि आपण त्याचे अवयव’ हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या रात्री ते मला माझ्या दंडात जाणवलं.

२०२४ साली उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २९ मार्चला आला आणि तेव्हा रमजान चालू होता. सिएरा लिओनमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत, ख्रिस्ती अल्पसंख्य. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसं असणं तिथे नवलाचं नाही. १९९१ ते २००२ असं अकरा वर्षं यादवी युद्ध सोसलेला हा देश आहे, पण ते युद्ध धर्मावरून झालं नाही, हे तिथली माणसं आवर्जून सांगतात. भटारखान्यातले माझे निम्मे सहकारी रोजे करत होते. वाफेच्या भांड्यांपुढे उभं राहून दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधायचं आणि स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. त्या शुक्रवारी माझाही उपास होता. माझा तो एक दिवस, त्यांचा महिना. संध्याकाळी सूर्य मावळला तसे ते खजूर घेऊन बसले आणि त्यांनी मलाही बसवून घेतलं. एकाने अल्लाचं नाव घेतलं, मी माझ्या प्रभूचं घेतलं, आणि खजूर तोंडात टाकला. मी त्यांना ख्रिस्ताच्या वधस्तंभाबद्दल सांगितलं, कारण त्यांनीच विचारलं होतं. वाद झाला नाही. माझा विश्वास त्यामुळे पातळ झाला, असं मला वाटत नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. मग सेवेसाठी माणूस आपल्यातला असावा लागतो, हे कुठून आलं?

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे वरच्या डेकवर उपासना झाली. नंतर मी वॉर्डात गेले, तर तिथे ढोल चालू होता. पट्ट्या बांधलेली, सलाईनचा स्टँड धरून उभी असलेली माणसं गात होती. आजी आपल्या गादीवर बसून टाळ्यांनी ताल धरत होती.

आपल्याकडेही अशी माणसं आली होती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हा त्यांच्या मागेही दूरच्या कुठल्या तरी मंडळीची महिन्याची वर्गणी असणार. ते आयुष्यातली कित्येक वर्षं इथे राहिले. आम्ही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी जातो आणि ही या कामातली खरी उणीव आहे, असं मला वाटतं. शस्त्रक्रिया एका दिवसात होते, पण स्थानिक सर्जन, नर्स आणि भूल देणारे तज्ज्ञ तयार व्हायला वर्षं लागतात. तिथल्या लोकांना प्रशिक्षण देण्याचं काम संस्था करते. त्यासाठी वर्षानुवर्षं थांबणारी माणसं हवी आहेत. अंगात बळ आहे आणि घरची जबाबदारी हलकी आहे अशांनी लांबच्या मुदतीचा विचार करावा, ही माझी विनंती.

कारण थोड्या दिवसांच्या मुक्कामाचं दुःख फार असतं. दर आठवड्याला कुणीतरी निघायचं. धक्क्यावर गोल करून प्रार्थना व्हायची, मग गाडी फाटकाबाहेर. माझी नायजेरियन मैत्रीण गेली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिचा पलंग रिकामा राहिला तो फक्त संध्याकाळपर्यंत. रात्री कोरियाहून एक मुलगी आली, प्रवासाने पार गळालेली. आंघोळीला दोनच मिनिटं पाणी वापरायचं, हे तिला सांगितलं. आगीचा भोंगा वाजला की कुठल्या दारापाशी उभं राहायचं ते दाखवलं. मग दिवा मालवण्याआधी विचारलं, आजचा दिवस कसा गेला?