यू स्ट्रीटवर पोटभर
आज वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर मनसोक्त खाल्लं! दुपारी बेन्स चिली बोल नावाचं हॉटेल. बेन आणि व्हर्जिनिया अली या नवरा-बायकोने १९५८ मध्ये सुरू केलेलं. मऊ पावात धुरावलेलं जाड सॉसेज, वर मस्टर्ड, कच्चा कांदा आणि खिम्याची झणझणीत चिली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हे शहर पेटलं, संचारबंदी लागली, तरी इथली शेगडी चालू होती. फार अभिमान वाटतो अशा माणसांचा.

संध्याकाळी इथिओपियन जेवण. टेफ या बारीक धान्याच्या पिठाचा आंबवलेला इंजेरा, आपल्या आंबोळीसारखा जाळीदार. त्यावर बेरबेरे मसाल्यातली लालभडक मसूर. सगळ्यांनी एकाच ताटात हात घातला. तळाचा रसात भिजलेला तुकडा सगळ्यात भारी! शाकाहारी मंडळींनो, उपवासाची थाळी मागा, त्यात दूध-लोणीसुद्धा नसतं.