फोकस साधला की नाहीशी होणारी पेशी

गालाच्या आतली बाजू दातकोरणीने हलकेच खरवडून ते द्रव्य पाण्याच्या थेंबात मिसळले आणि रंग न घालता साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर पेशी जेमतेम दिसतात. गंमत अशी की फोकस नेमका साधला की त्या जवळजवळ पुसल्या जातात आणि स्क्रू किंचित पुढेमागे फिरवला की कडा पुन्हा उमटतात. विद्यार्थिदशेत मला हा उपकरणाचा दोष वाटत असे. पुढे कळले की प्रकाशाची कला (फेज), म्हणजे लहर तिच्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग नाही.

डोळा काय किंवा कॅमेरा काय, दोघेही फक्त तीव्रता टिपतात. पेशी प्रकाश फारसा शोषत नाही, पण तिचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग किती कमी होतो याचे माप) पाण्यापेक्षा थोडा जास्त असल्याने तिच्यातून जाणारी लहर मागे पडते. ५ मायक्रॉन जाडीच्या पेशीचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा ०.०३ने जास्त धरला, तर ही पिछाडी ०.१५ मायक्रॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पावभागाहून किंचित अधिक भरते. माहिती प्रकाशात पुरेपूर असते, फक्त ती आपल्याला दिसेल अशा रूपात नसते.

ती दिसेल अशा रूपात आणली ती नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी, आणि तीही सूक्ष्मदर्शकावर काम करत नसताना. १९३०च्या सुमारास ते विवर्तन जाळी, म्हणजे अतिशय जवळजवळ समांतर रेघा कोरलेला, प्रकाशाचे रंग वेगळे करणारा पृष्ठभाग, तपासत होते. दुर्बिणीतून तिच्या पृष्ठभागावर पट्टे दिसत, पण दुर्बीण बरोबर पृष्ठभागावर फोकस केली की ते नाहीसे होत. त्यातून त्यांनी ओळखले की, कलेतला बदल लहान असेल तेव्हा, वस्तूने विखुरलेला प्रकाश थेट येणाऱ्या प्रकाशापेक्षा पाव लहर मागे असतो आणि म्हणूनच दोघांच्या बेरजेत तीव्रता बदलत नाही. थेट प्रकाशाला आणखी पाव लहर पुढे सरकवले, तर दोघांत अर्ध्या लहरीचे अंतर पडते, ते एकमेकांना कमी करतात आणि पेशी करड्या पार्श्वभूमीवर गडद उमटते. १९३२ मध्ये ते ही पद्धत घेऊन जर्मनीतील येना येथील झाइस या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात गेले, तेव्हा तिला उपयोग असता तर आम्हीच ती केव्हाच शोधली असती, असे तिथल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञाने त्यांना ऐकवले. १९५३ मध्ये याच कामासाठी झेर्निके यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्ष यंत्रात कंडेन्सरखाली (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली) एक कंकणाकृती फट असते आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगात, तिच्याच मापाचे, प्रकाश थोडा मंद करणारे कडे. आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) काढून तिथे छोटी दुर्बीण बसवायची आणि उजळ कंकण त्या करड्या कड्यावर तंतोतंत बसेपर्यंत दोन स्क्रू फिरवत राहायचे. ते बसल्यावर परत आयपीस लावून पाहिले की पेशीचे केंद्रक आणि आतले कण एकदम स्पष्ट होतात. हा क्षण मला आजही मनापासून आवडतो.

तरीही या चित्रावरून जाडी किंवा वस्तुमान सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. पेशीभोवती दिसणारे तेजोवलय पेशीचे नसते. विखुरलेल्या प्रकाशाचा काही भागही त्या कड्यातूनच जातो म्हणून ते निर्माण होते. खरे मोजमाप हवे असेल, तर पेशीतून न गेलेल्या संदर्भकिरणाशी व्यतिकरण घडवून (दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून) होलोग्राम, म्हणजे त्या मिश्रणातून उमटणाऱ्या पट्ट्यांची नोंद, घ्यावा लागतो, किंवा फोकसच्या वर आणि खाली प्रतिमा घेऊन त्यांच्या फरकातून कला गणिताने काढावी लागते. म्हणजे जिला मी दोष समजत होतो ती पुसली जाणारी कडाच इथे मोजमापाचे साधन होते. हे साधले की पेशी तोलतासुद्धा येते, कारण प्रथिनांच्या द्रावणाचा अपवर्तनांक दर मिलिलिटरला एका ग्रॅममागे साधारण ०.१८ने वाढतो. १०० चौरस मायक्रॉन क्षेत्रफळावर सरासरी पिछाडी ०.१ मायक्रॉन निघाली, तर पाणी वगळून त्या पेशीचे वस्तुमान सुमारे ५५ पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) येते, आणि तेही पेशी जिवंत असताना, तिला रंग न लावता.